पावसाळ्यात एअरगनची देखभाल, घरातल्याच सामानात

गोव्यात जून लागला की लोखंडाचं काही खरं नाही, आणि समुद्राजवळ राहत असाल तर खारी हवा बाराही महिने आहेच, त्यामुळे एअरगन रेक्झिनच्या कव्हरात घालून कपाटावर टाकली तर चतुर्थीला काढाल तेव्हा नळीवर तांबूस ठिपके दिसणारच. त्यासाठी महाग क्लीनिंग किट मागवायची गरज नाही, बहुतेक सामान घरात असतं, उरलेलं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतं.

हे सगळं ४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या भोकाची रुंदी) आणि २० जूलच्या आतल्या, बिनलायसनच्या स्प्रिंगवाल्या एअरगनसाठी आहे. लायसनवाली बंदूक असेल तर ती परवानाधारक आर्मररकडेच (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडेच) न्या, दुरुस्तीलाही आर्म्स ॲक्टखाली परवाना लागतो.

नळी साफ करायला सगळ्यात भारी वस्तू म्हणजे मासे पकडायचं जाड तंगूस. नळीच्या दुपटीहून हातभर जास्त कापा, दुमडून फास करा, फासात जुन्या सुती बनियनचा दोनेक सेंमीचा तुकडा अडकवा आणि फासालाच मागे एक मजबूत दोरा बांधा, म्हणजे चिंधी मध्येच अडकली तर उलट ओढून काढता येते. आत छर्रा नाही ना ते आधी बघा. मग नळी सांध्यातून थोडीच खाली वाकवा, कॉक होऊ द्यायची नाही, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकायला नको, दुसऱ्या कुणाला तरी ती घट्ट धरायला सांगा आणि तंगूस छर्रा घालतो त्या बाजूने घालून पुढून ओढा. लोखंडी सळई किंवा छत्रीची काडी घालू नका प्लीज, आतल्या रायफलिंगला (छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचांना) चरे पडले की नेम गेलाच. छर्रे शिशाचे असतात, काम झालं की साबणाने हात धुवा.

आता स्क्रू ड्रायव्हर, लोक इथेच बंदुकीची वाट लावतात. बाजारातला स्वस्त ड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा निमुळता असतो, तो खाचेत वरवरच बसतो, जोर लावला की सटकतो आणि स्क्रूचं डोकं खराब होतं, शिवाय नळीच्या काळ्या पॉलिशवर ओरखडा. म्हणून एक स्वस्त ड्रायव्हर फक्त ह्याच कामाला ठेवा आणि कानशीने टोकाच्या दोन्ही बाजू हळूहळू समांतर करा, खाचेच्या तळापर्यंत आणि पूर्ण रुंदीभर गच्च बसेपर्यंत. ग्राइंडर लावलात तर सारखं पाण्यात बुडवत राहा, टोक निळं पडलं म्हणजे स्टील मऊ झालं. स्क्रू ठेवायला इडलीचं जुनं पात्र मस्त, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने एकेका खड्ड्यात. खाली पडलेला शोधायला बिघडलेल्या स्पीकरचा मॅग्नेट. स्क्रू परत बसवल्यावर डोक्यावरून दस्त्यावर नेलपेंटची बारीक रेघ मारा, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू ढिला झाला.

खाचाखोचांना जुना टूथब्रश पुरतो. तेल मात्र सांभाळून, खोबरेल अजिबात नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल फक्त बाहेरून, फडक्याने पुसून पातळ थर. सिलिंडरमध्ये, म्हणजे हवा दाबली जाते त्या आतल्या नळकांड्यात, ते गेलं तर दाबलेल्या गरम हवेत पेटतं, धूर, मोठा आवाज आणि वॉशर खराब.

स्प्रिंगसाठी घरगुती जुगाड नाही. ती आत दाबूनच बसवलेली असते, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर नसताना मागचा भाग उघडला तर तोंडावर येऊ शकते, तेवढं काम जाणकाराकडे द्या.

ठेवताना कव्हर काढून टाका, त्यातला फोम ओल धरून ठेवतो. सुती चादरीत गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पाऊस असेपर्यंत दर आठवड्याला एकदा काढून पुसा. बोटं लागली की घामाचं मीठ राहतं, म्हणून शेवटचा हात तेलाच्या फडक्याचाच. आणि हो, कुलूप लावा, घरात पोरं असतात.