स्वतःच्या डावाचे चालवार विश्लेषण कसे करावे

विश्लेषणासाठी बुद्धिबळाचा डाव निवडताना लोकलमध्ये फोनवर उरकलेले तीन-तीन मिनिटांचे डाव बाजूला ठेवावेत. ज्या डावात प्रत्येक चालीमागे काही ना काही विचार झाला होता, तोच तपासण्याजोगा असतो, कारण तपासायचा असतो तो चालीमागचा विचार. चाल चूक की बरोबर हे तर संगणक क्षणात सांगतो. म्हणून स्पर्धेतला, किंवा निदान प्रत्येकी अर्ध्या तासाचा, आणि शक्यतो हरलेला डाव घ्यावा.

याची तयारी डाव चालू असतानाच करायची असते. स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहिण्याच्या कागदावर, चालींबरोबर घड्याळातील वेळ नोंदवण्यास फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे नियम मुभा देतात. चालींविषयी टिपणे लिहिण्यास मात्र देत नाहीत. प्रत्येक चालीशेजारी उरलेली मिनिटे लिहिली, तर कोणत्या चालीवर बराच वेळ गेला आणि कोणती चाल हात आपोआप खेळून गेला, हे नंतर स्पष्ट दिसते. हौशी खेळाडूच्या घोडचुका बहुधा या दोन टोकांपाशीच सापडतात, असे माझे मत आहे.

डाव संपल्यावर प्रतिस्पर्धी तयार असेल, तर त्याच्याबरोबर थोडा वेळ बसावे. त्याला कोणत्या चालीची धास्ती वाटत होती, हे दुसरे कोणीही सांगू शकत नाही. स्पर्धा दादरला आणि घर बदलापूरला असेल, तर परतीचा प्रवासही कामी येतो. गर्दीत पट उघडता येत नसला, तरी स्कोअरशीट न पाहता डाव मनात पहिल्यापासून खेळून पाहावा आणि पटाचे चित्र जिथे पुसट होते ती चाल लक्षात ठेवावी. अनेकदा तीच स्थिती डावातही आपल्याला नीट उमगलेली नसते.

मुख्य काम घरी, शक्यतो त्याच रात्री, इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) न लावता करावे. खरा पट मांडून एकेक चाल पुढे न्यावी आणि वहीत लिहावे की त्या वेळी आपण काय पाहिले, कोणता पर्याय सोडला आणि समोरून कोणत्या उत्तराची अपेक्षा केली होती. येथे प्रामाणिकपणा लागतो, कारण निकाल कळल्यावर आपल्याला सारे आधीच दिसत होते असे वाटू लागते.

उदाहरणादाखल, समजा आपण काळ्या मोहऱ्यांनी खेळलो. (पटावरच्या घराचे नाव उभ्या रांगेचे अक्षर आणि आडव्या रांगेचा आकडा मिळून होते; नुसते घर लिहिले असेल तर ती प्याद्याची चाल.) पांढऱ्याने ई४ खेळल्यावर आपण ई५ खेळलो. मग घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, घोडा एफ६. आणि चौथ्या चालीला घोडा जी५, त्यावर आपले डी५. पांढऱ्याने ई-प्याद्याने ते प्यादे मारले आणि आपण लगेच घोड्याने डी५ वर मारून प्यादे परत मिळवले. पांढऱ्याने एफ७ वर घोड्याचा बळी दिला, तो राजाने घेताच वजिराने एफ३ वरून शह दिला, आणि डी५ वरचा घोडा राखण्यासाठी आपल्या राजाला ई६ वर, पटाच्या मध्यावर, यावे लागले. पुढे अठराव्या चालीला आपला हत्ती फुकट गेला असेल, तर डाव तिथे हरलो असे आपण सर्वांना सांगतो. वास्तविक संकट पाचव्या चालीतच ओढवलेले असते. तिथे रूढ चाल घोडा ए५ ही आहे: प्यादे सोडून द्यायचे, पण सी४ वरच्या उंटाला हटवून मोहऱ्यांना मोकळीक मिळवायची.

एवढे तर कोणतेही ॲप सांगेल. मात्र वहीत “प्यादे परत घ्यायचेच, दुसरे काही पाहिले नाही” असे लिहिले असेल, तर रोग पर्याय न शोधण्याचा आहे; “घोडा ए५ पाहिली, पण प्यादे गमवायला नको वाटले” असे लिहिले असेल, तर तो हिशेबीपणाचा आहे. पहिल्यासाठी प्रत्येक मारामारीपूर्वी आणखी एक चाल शोधण्याची सवय लावावी लागते. दुसऱ्यासाठी प्यादे देऊन पुढाकार मिळवणारे डाव पाहावे लागतात. चाल तीच, उपचार वेगळे.

त्यानंतरच स्टॉकफिश हे इंजिन लावावे. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य उपलब्ध आहे. मूल्यांकन, म्हणजे कोण किती प्याद्यांइतका वरचढ आहे याचा इंजिनचा आकडा, ०.३ ने घसरले म्हणून त्या चालीवर संध्याकाळ घालवू नये. अधिक एकवरून ते उणे दोनवर गेले, तर तिथे थांबावे आणि इंजिनची पहिली पसंती वाचून पुढे जाण्याऐवजी आपल्या मनातली चाल पटावर खेळून तिला ते काय उत्तर देते हे पाहावे. इंजिनची एखादी चाल समजावून घेऊनही कळली नाही, तर ती खुशाल सोडून द्यावी.

अंतिम टप्प्याकडे हौशी खेळाडू सहसा पाहतच नाहीत, कारण तोवर कंटाळा आलेला असतो. राजे व प्यादी धरून सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले की टेबलबेस, म्हणजे अशा स्थितींच्या आधीच काढलेल्या उत्तरांचा संगणकीय साठा, अंदाज न देता निश्चित निकाल देतो. पांढरा राजा ई५ वर, त्याचे प्यादे ई४ वर आणि काळा राजा ई७ वर असताना चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढऱ्याचा विजय. तेव्हा शेवटच्या हत्तीची अदलाबदल करण्यापूर्वी, नंतरच्या अशा स्थितीत चाल कोणाची येईल, ही मोजणी केली होती का, हा प्रश्न वहीत अवश्य असावा.

माजी विश्वविजेते मिखाईल बोटविनिक आपल्या डावांची विश्लेषणे प्रसिद्ध करावीत असे सांगत, जेणेकरून इतरांना त्यांतील चुका काढता याव्यात. आपल्यासाठी क्लबातला थोडा वरच्या दर्जाचा एखादा खेळाडू पुरेसा आहे. त्याला वही दाखवावी, इंजिनचे आकडे झाकून ठेवावेत, आणि डाव जिथे वळला ती स्थिती मांडून त्याच्याविरुद्ध, या वेळी दुसरी चाल निवडून, शेवटपर्यंत खेळावी.