दिवाळीत पाळणाघर बंद, दुकान चालू: सोलापुरात एकटीनं दोन वर्षांचं लेकरू सांभाळायचं तर

ज्यांच्या घरी आज्जी-आजोबा हायत, नवरा हाय, त्यांच्यासाठी हे नाही. एकट्या आईसाठी लिहितेय, विधवा असो, फारकत झालेली असो नाहीतर नुसतीच वेगळी राहणारी, जिचं पोरगं अजून शाळेत जायच्या वयाचं नाही आणि जी नवी पेठेत, एमआयडीसीत नाहीतर कुठल्यातरी दवाखान्याच्या काऊंटरला नोकरी करते. आपली अडचण अशी की दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे दुकानाचा सगळ्यात गर्दीचा आठवडा, मालक रात्री नऊ-दहापर्यंत सोडत नाही, आणि नेमकं त्याच टायमाला पाळणाघरवाल्या मावशी वसुबारसेपासून गावी. अंगणवाडीला पण सुट्टी. मग पोरगं ठेवायचं कुठं?

पहिलं काम दसऱ्यालाच करायचं. मावशींना नुसतं "दिवाळीत बंद असणार का" असं विचारू नका, त्या "बघू की" म्हणतात आणि शेवटच्या दिवशी कुलूप दिसतं. "कुठल्या तारखेला संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालू, आणि परत कुठल्या तारखेला उघडणार" असं विचारा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. या दोन तारखांच्या मधले दिवस कॅलेंडरवर गोल करा, त्यातले तुमच्या सुट्टीचे वजा करा, जे उरतात तेवढेच खरे अडचणीचे दिवस. बहुतेक वेळा ते भीती वाटते त्यापेक्षा कमीच निघतात.

मग कामावर बोला, पण "साहेब माझं लहान लेकरू हाय" एवढ्यावर थांबू नका, त्यानं फक्त दया मिळते, सुट्टी मिळत नाही. अदलाबदल मागा. आमच्याकडं एक जण ईदला सुट्टी घेते, तेव्हा तिचं बिलिंग मी करते आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी माझी संध्याकाळ ती सांभाळते, मालकाला काही फरक पडत नाही कारण काऊंटरवर माणूस असतंच. अशी एखादी जोडीदारीण बघून ठेवा. आणि तुमच्या कंपनीत पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर कायद्यानं बंधनकारक हाय, 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात बदल झाला तेव्हापासून, आणि दिवसातून चार वेळा आईला तिथं जाऊन मुलाला बघायची मुभा पण त्यातच हाय. सोलापुरात किती ठिकाणी हे खरंच पाळतात ते आपल्याला दिसतंच, पण चार बायांनी मिळून लेखी अर्ज दिला तर निदान विषय तरी निघतो. बोनसचं पण तसंच, ज्यांना बोनसचा कायदा लागू हाय त्यांनी वर्षात किमान तीस दिवस काम केलेलं असलं तर किमान 8.33 टक्के बोनस हा हक्क हाय, मालकाची कृपा नाही, त्यामुळे मिठाईचा बॉक्स आणि पाकीट घेऊन गप्प घरी यायचं नाही, हिशोब विचारायचा.

आता मुद्द्याची गोष्ट, लेकरू कुणाकडं. इथं आपण बाया एक चूक हमखास करतो, सगळ्यांना मिळून "जरा बघा हं दिवाळीत, मी एकटीच हाय" असं सांगतो. सगळे "हो हो" म्हणतात आणि कुणीच येत नाही. मदत मागायची तर एका माणसाला, एका दिवसाची, वेळ सांगून मागा. मी शेजारच्या अव्वांना असं विचारते: "धनत्रयोदशीला दुपारी एक ते चार. जेवण भरवून आणते, तुमच्याकडं आल्यावर झोपेलच, उठलं की केळं द्या, चारला मी हजर." आमच्या अव्वा तेलुगू, त्यांना तीन तास म्हणजे काहीच वाटत नाही, "अख्खा दिवस बघा" म्हटलं असतं तर त्यांच्या सुनेनंच नाही म्हटलं असतं. पोरगं तिथं जाऊन पाण्याला "नीळ्ळू" म्हणायला शिकलंय, तो फायदा वेगळाच. शेजार नसेल तर पाळणाघरातल्याच दुसऱ्या दोन-तीन आयांना गाठा, त्यांचं पण कुलूपच हाय की. एकीनं सकाळ, एकीनं दुपार अशी वाटणी होते. पण एका बाईकडं एका वेळी दोनपेक्षा जास्त रांगणारी-पळणारी नकोत, आणि ज्या घरी ठेवणार ते घर आधी आतून बघून घ्या.

पैसे द्या. "अगं पैसे कशाला" म्हणतील, तर भाऊबीजेला साडीचा पीस नाहीतर पाकीट द्या. उधारीवरची मदत पुढच्या वर्षी मिळत नाही.

सोबत एक कागद द्या, फोनमधला मेसेज नको, कागदच, तो त्यांच्या फ्रिजला नाहीतर दाराला चिकटवायचा. तुमचा नंबर, दुकानाचा नंबर, बाळाच्या डॉक्टरांचा नंबर, 108 ॲम्ब्युलन्स, काय खायला द्यायचं नाही, तापाचं औषध डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं किती एमएल, आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात, पोरगं माझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचं. वेगळ्या झालेल्यांनी हे शेवटचं विसरू नका. दिवाळीत अचानक मायेचा पूर येऊन "जरा फिरवून आणतो" म्हणणारे येतात. बापाला भेटवायचं ठरलेलं असेल तर दिवस, वेळ, कुठं सोडायचं, कुठून घ्यायचं हे आठवडाभर आधी मेसेजवर ठरवून घ्या, कोर्टाची ऑर्डर असेल तर त्याप्रमाणेच, सणाच्या दिवशी दारात उभं राहून नाही.

डॉक्टरांचं पण आधीच विचारून ठेवा, कुठले दिवस बंद, त्यांच्या जागी कुणाकडं जायचं. रात्री-बेरात्री काहीच सुचलं नाही तर सिव्हिल हॉस्पिटल (सरकारी) चोवीस तास उघडं असतं.

आता घर. सोलापुरात सगळ्यात मोठा धोका फटाक्याचा नाही, पाण्याचा. नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे आपल्याकडं प्रत्येक घरी मोरीत निळा बॅरल, दोन पातेली, चार बादल्या, अंगणात एक टाकी. दोन वर्षांचं पोरगं बादलीत वाकलं की डोकं जड असल्यानं सरळ उलटं जातं, आणि वीतभर पाण्यात सुद्धा जीव जातो, आवाज पण होत नाही. दिवाळीत सफाई आणि पाहुण्यांमुळे भांडी अजून जास्त भरलेली असतात आणि आपलं लक्ष कढईत. बॅरलला घट्ट बसणारं झाकण आणि त्यावर वजन, नुसती ताटली ठेवू नका, ती पोरगं ढकलतंच. बादल्या रात्री भरल्या तरी मोरीचं दार बाहेरून कडी लावून बंद, आणि ती कडी वरच्या बाजूला. आमच्या मोरीला दारच नव्हतं, मी सुताराकडून अर्धं फळकुट बसवून घेतलं, बोनसमधला तो सगळ्यात चांगला खर्च.

सफाईत कपाटातून डांबर गोळ्या निघतात, फिनेल निघतं, उंदराचं औषध निघतं, आणि ते सगळं "आत्ता ठेवते" म्हणून खाली फरशीवर. आणि कापूर. कापूर देवाचा म्हणून आपल्याला त्यात विष दिसत नाही, पण लहान पोरानं थोडासा जरी खाल्ला तरी झटके येऊ शकतात. देवघर पोराच्या हाताच्या वर. बाजारात त्या बॅटरीवरच्या पणत्या मिळतात ना, त्या पोराला सेफ म्हणून घेतो आपण, पण त्यात बटणासारखा चपटा सेल असतो, तो गिळला तर अन्ननलिका आतून जळते आणि ते दोन तासांतच सुरू होतं, घरी ओकारी काढत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल. मागचं झाकण स्क्रूचं असेल तरच घ्या.

फराळ. सगळं करायचं नाही. चकली, अनारसे, करंजी विकत घ्या, बचत गटाच्या बायका ऑर्डर घेतात, त्यांच्या घरात पण दिवाळी होते. घरी एकच गोष्ट करा, वासापुरती, आणि ती पोरगं झोपल्यावर, गरम तेल आणि जागं पोरगं एका खोलीत नको. आपल्या सोलापुरात प्रत्येक डब्यात शेंगदाणे, चिवड्यात शेंगदाणे, पाहुणे आले की हातावर शेंगदाणे. चार-पाच वर्षांच्या आतल्या पोराला अख्खा दाणा देऊच नका, श्वासनळीत जातो. शेंगाची पोळी मऊ असते, तुकडे करून द्या, शेंगाचटणी तिखट नसेल तर वरणभाताला चिमूटभर. कडक भाकरीचे तुकडे टोकदार निघतात, आमटीत पूर्ण भिजवूनच. आणि कुणी "आमच्या पोरानं तर खाल्ले, काही झालं नाही" म्हटलं की हसायचं आणि वाटी उचलून वर ठेवायची, वाद घालत बसू नका, तेवढा वेळ आपल्याकडं नसतो. अडकलंच आणि आवाज निघत नसेल तर पोराला मांडीवर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मधे तळव्यानं पाच वेळा जोरात मारायचं, दिसत नसलेली वस्तू तोंडात बोट घालून शोधायची नाही, आणि दुसऱ्यानं तोवर 108 लावायचा.

खरेदीला पोराला नवी पेठेत संध्याकाळी नेऊच नका. सकाळी दुकानं उघडायच्या टायमाला जा, कडेवर झोळीत बांधून, बाबागाडी तिथं चालत नाही. पोराच्या खिशात चिठ्ठी, त्यावर तुमचा नंबर. चिठ्ठीवर पोराचं नाव लिहू नका, नाव घेऊन हाक मारणाऱ्याकडं पोरगं जातंच.

सुट्टीच्या दिवशी कुठं न्यायचं तर पैसे न लागणारी जागा म्हणजे सकाळचं सिद्धेश्वर मंदिर, तळ्याकडेच्या कठड्यापाशी मात्र हात सोडायचा नाही. किल्ल्याची बाग चांगली, पळायला जागा हाय. कंबर तलावाकडं थंडीत पक्षी येतात, पोरगं अर्धा तास बोट दाखवत बसतं आणि आपल्याला चहा गरम पिता येतो. माहेरी जाणार असाल तर एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आणि पाच वर्षांच्या आतलं पोरगं फुकट, पण वसुबारस ते धनत्रयोदशी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते, त्या दोन दिवसांच्या आधी नाहीतर पाडव्यानंतर निघा.

फटाके. रात्री आठच्या आधी जेवण-झोपेचं सगळं उरका, खिडक्या बंद, पंखा फुल, पोराला खूप भीती वाटत असेल तर मधल्या खोलीत. फुलबाजी हातात द्यायची नाही, तिचं तापमान हजार अंशाच्या वर जातं आणि विझल्यावर पण तार गरमच, पोरं नेमकी तीच उचलतात, म्हणून विझली की लगेच बादलीत, आणि ती बादली पण लगेच रिकामी. भाजलंच तर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडायचं, घड्याळ बघून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद-शाई तर नाहीच. मग स्वच्छ ओलं फडकं, आणि तोंड, डोळा, हाताचा पंजा असेल तर लगेच दवाखाना. कपडे सुती, घोळदार फ्रॉक फोटोपुरता.

पाडव्याला सगळ्या घरी नवऱ्याला ओवाळतात आणि आपल्या घरी तो ताट काढायचा टाइम मोकळा जातो. मी त्या सकाळी पोरालाच ओवाळते आणि आम्ही दोघं इडली खायला जातो. कुणाला विचित्र वाटलं तर वाटू दे. भाऊबीजेला "पप्पा कुठंय रे तुझा" असं पोरालाच विचारणारी एखादी मावशी-काकू असतेच, तिला पोराच्या वतीनं आपणच एका ओळीत उत्तर द्यायचं, "तो इथं राहत नाही, तुम्ही लाडू घ्या." ओळ आधी पाठ करून ठेवा, त्या क्षणी सुचत नाही.

पैशाचं एक काम दिवाळीनंतर ऑफिसं उघडली की करा. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना एक पालक असलेल्या मुलांसाठी पण हाय, महिन्याला 2,250 रुपये, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. अटी आणि कागद तिथंच विचारा, एजंटला पैसे देऊ नका.

पाळणाघर परत उघडायच्या दोन दिवस आधीपासून उठायची-झोपायची वेळ जुन्या टायमावर आणा, नाहीतर पहिल्या सकाळी दारात गोंधळ. पहिल्या दिवशी अर्धाच दिवस ठेवता आलं तर बघा. आणि जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, येतोय, होम मैदानावर पाळणे बघायला पोराला न्यायचं असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी चारला जा, यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी नाही. शोभेचं दारूकाम लांबच्या कुणाच्या तरी गच्चीवरून बघायचं, तेव्हा कानावर हात ठेवायला आपले दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून पिशवी पाठीवरची घ्या.