प्रेग्नन्सीत बीपी वाढलंय आणि डोळ्यांसमोर अंधारी येतेय? मग हे करा

२० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर जायला लागलं की नुसती पायाची सूज बघत बसू नका, डोक्याकडे लक्ष द्या. गोळीनेही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बोलताना शब्द न सापडणं, तोंड वाकडं होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. क्वचित बाईला अचानक काहीच दिसेनासं होतं, घरचे डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळतात, पण डोळे चांगले असतात, सूज मेंदूच्या मागच्या भागात असते, एमआरआयमध्ये ती दिसते, याला प्रेस (PRES) म्हणतात, आणि बीपी वेळेत उतरवलं तर बहुतेक वेळा नजर परत येते, म्हणून धीर सोडू नका.

झटका (आकडी, फिट) आला तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, किती वेळ चालला ते घड्याळात बघा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. हॉस्पिटलमध्ये झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट हे औषध देतात.

आणि हे फार सुटतं बघा, डिलिव्हरीनंतरही ६ आठवडे हा धोका असतो. बाळामुळे जागरण होतंय म्हणून डोकं दुखत असेल असं म्हणू नका, आधी बीपी मोजा, १६०/११० किंवा वर आलं तर दोन्ही आकडे डॉक्टरांना फोनवर सांगतच निघा.