हिरव्या मुनियेसाठी गवत राखताना

एखादा पक्षी वाचवायचा म्हटले की आपला हात आधी रोपांकडे जातो. हिरव्या मुनियेच्या बाबतीत पहिली चूक तिथेच होते. हा पक्षी झाडांचा नाही. तो बी धरलेल्या गवताचा, बांधावरच्या झुडपांचा आणि जवळपास झिरपणाऱ्या पाण्याचा आहे. या तीन गोष्टी हाकेच्या अंतरावर नसतील, तर तिथे हजार रोपे लावली तरी मुनिया येणार नाही. उलट मोकळ्या गवताळ जागेवर दाट झाडे उभी राहिली, तर असलेली मुनियाही तिथून उठून जाईल.

जगाच्या पाठीवर हा पक्षी मूळचा फक्त भारतातला. मध्य भारतात विखुरलेल्या काही ठिकाणी आणि दक्षिण राजस्थानात तो आढळतो, पण तो भरवशाने दिसावा असे ठिकाण म्हणजे सिरोही जिल्ह्यातला आबू पर्वत. अचलगड आणि ओरिया या गावांच्या आसपासची शेते, दगडी बांध आणि झुडपे हे तिथले त्याचे घर. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो असुरक्षित गटात मोडतो. पिंजऱ्यातील पक्ष्यांच्या बाजारात मुनियांना सरसकट ‘फिंच’ म्हणतात आणि हा बाजार फार जुना आहे. हिरवीची सख्खी बहीण असलेल्या लाल मुनियेचे शास्त्रीय नाव ‘अमंडावा’ हे ‘अहमदाबाद’चेच अपभ्रष्ट रूप आहे, कारण एके काळी हे पक्षी त्या शहरातून परदेशी रवाना होत असत.

संवर्धनाच्या कामाला लागण्यापूर्वी ओळख पक्की करावी. हिरवी मुनिया जेमतेम 10 सेंटीमीटरची असते. नराची पाठ शेवाळी हिरवी, पोट पिवळे, शेपटी काळी आणि चोच मेणासारखी तुकतुकीत लाल असते. खरी खूण मात्र कुशीवर आहे: तिथे काळे-पांढरे आडवे पट्टे असतात, जणू कोणी बारीक कुंचल्याने ओढले आहेत. मादीचे रंग फिके आणि पट्टे पुसट असतात. नवशिक्यांची गल्लत बहुधा चष्मेवाला नावाच्या पक्ष्याशी होते. तोही हिरवा-पिवळा आणि एवढासाच असतो, पण त्याची चोच बारीक असते, डोळ्याभोवती पांढरे कडे असते आणि तो झाडाच्या पानांत किडे व मध शोधत फिरतो, तर मुनिया जमिनीलगत बिया टिपत असते.

आता मुख्य कामाकडे वळू. गवत कधी कापायचे आणि किती कापायचे, यावर मुनियेचे पोट अवलंबून आहे. फुलोऱ्यात असलेले गवत चाऱ्यासाठी उत्तम, त्यामुळे शेतकरी ते बी धरण्याआधी कापतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. उपाय एवढाच की सगळे कुरण एका दमात कापू नये. त्याचे तीन पट्टे करावेत. दोन चाऱ्यासाठी कापावेत आणि तिसरा बी पिकून गळेपर्यंत उभा ठेवावा. पुढच्या वर्षी राखीव पट्टा बदलावा, म्हणजे जुन्या काडीचा थर साचत नाही आणि मालकाचेही कायमचे नुकसान होत नाही. उरलेला पट्टा उन्हाळ्यात पेटवून देण्याचा मोह टाळावा. जमिनीवर गळलेले बी हाच टंचाईच्या महिन्यांतला साठा असतो आणि वणवा तो एका दुपारीत संपवतो.

बांधांचेही तसेच आहे. बांध स्वच्छ दिसावा म्हणून हल्ली सर्रास तणनाशक मारले जाते. ज्याला आपण तण म्हणतो त्याच्या बारीक बिया हे मुनियेचे धान्य आहे. पिकात फवारणी अपरिहार्य असेल, तरी बांधाच्या कडेची दोन-तीन हात रुंदीची पट्टी तरी वगळावी.

घाणेरीचा प्रश्न थोडा अवघड आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. ही परदेशी वनस्पती देशी झुडपांना आणि गवताला मारते, तेव्हा ती काढायला हवी यात शंका नाही. पण आबूवर मुनियांचे थवे तिच्याच जाळीत दडतात. ससाण्याची सावली पडली की शेतातला अख्खा थवा बांधावरच्या घाणेरीत शिरतो. एका मोसमात सगळी घाणेरी उपटली, तर पक्ष्याला आडोसाच उरत नाही. माझ्या मते ती तुकड्यातुकड्याने काढावी, मोकळ्या झालेल्या जागी बोर, करवंद यांसारखी तिथलीच काटेरी झुडपे लावावीत आणि ती छातीएवढी झाल्यावरच पुढच्या तुकड्याला हात घालावा. काम चार-पाच वर्षे लांबते. लांबू द्यावे.

मुनियेचे घरटे उंच गवतात किंवा उसात असते. पात्यांचा विणलेला गोल गोळा आणि बाजूने शिरायची वाट, असे त्याचे रूप असते. ऊसतोडीच्या आधी फडाच्या कडा पाहून घ्याव्यात आणि चोचीत गवताची पाती घेऊन ये-जा करणारे पक्षी दिसले, तर तेवढा कोपरा शेवटी तोडण्याची विनंती मालकाला करावी. घरट्याचे छायाचित्र काढण्यासाठी पाती बाजूला सारू नयेत. घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नये, कारण ती माहिती पक्षीनिरीक्षकाइतकीच फासेपारध्यालाही उपयोगी पडते.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या त्या बाजाराविषयी आता. भारतात देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1991 पासून पूर्ण बंदी आहे आणि हिरवी मुनिया आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तरीही मुनिया विकल्या जातात, कधी साध्या मुनियांना हिरवा किंवा लाल रंग फासून. रंगवलेला पक्षी ओळखता येतो: रंग पिसांच्या मुळाशी विरळ असतो, ओल्या बोटाला लागतो आणि कुशीवरचे रेखीव पट्टे काही रंगवता येत नाहीत. मात्र खरा असो वा रंगवलेला, पक्षी विकत घेऊन सोडून देण्याचे पुण्य कोणी करू नये. पारध्याच्या दृष्टीने ती विक्रीच असते आणि रिकामा पिंजरा भरायला तो दुसऱ्या दिवशी त्याच माळावर जातो. महाराष्ट्रात अशी विक्री दिसली, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. जागा, वेळ आणि पिंजऱ्यांची अंदाजे संख्या सांगावी, विक्रेत्याशी वाद घालू नये. सोडवलेले पक्षीही आपल्या मनाने कुठेही उडवू नयेत. ते खटल्यातला पुरावा असतात, शिवाय त्यांचे पंख कापलेले असू शकतात.

शेवटचे काम नोंदीचे. महिन्यातून एकदा, सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत, ठरलेल्या एकाच वाटेने चालावे आणि किती पक्षी दिसले, ते कोणत्या गवतावर होते, पाणी किती लांब होते हे लिहावे. एकही मुनिया दिसली नाही, तर तेही तारखेसह लिहावे. बरेच जण नेमके तेवढेच लिहीत नाहीत. महाराष्ट्रातल्या माळरानावर हिरवीऐवजी बहुधा लाल किंवा ठिपकेदार मुनिया भेटेल. वही तीच चालेल आणि गवताचे तीन पट्टेही तेच, फक्त सातबाऱ्यावर त्या जमिनीपुढे ‘पडीक’ लिहिलेले असेल.