कमी ताकदीच्या ग्राफिक्स कार्डावर लवकर चित्रे काढण्यासाठी
जुन्या, चार जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर स्टेबल डिफ्यूजन (शब्दांतल्या वर्णनावरून चित्र काढणारे एआय मॉडेल) चालवताना एकेका चित्राला फार वेळ लागतो, आणि रावेरकडच्या केळीबागेचे मनाजोगते चित्र फ्लेक्ससाठी मिळेपर्यंत जळगावच्या मे महिन्यात संगणकही तापतो.

१. स्टेबल डिफ्यूजनच्या आवृत्ती १.५ चे मॉडेल १६ बिट अचूकतेत (त्यातला प्रत्येक आकडा ३२ ऐवजी १६ बिटांत ठेवून) लोड करावे, म्हणजे स्मृती कमी लागते.

२. त्याला एलसीएम-लोरा (कमी पायऱ्यांत चित्र पूर्ण करू देणारी छोटी जोड-फाइल) जोडावे, सॅम्पलरही (पायरीपायरीने चित्र साकारण्याची पद्धत) एलसीएमच निवडावा आणि पायऱ्या २५-३० ऐवजी ४ ते ८ ठेवाव्यात. वेळेची खरी बचत इथेच होते. मात्र गायडन्स (चित्राने वर्णनाला किती धरून राहायचे, तो आकडा) १ ते २ च्या दरम्यान आणावा, कारण नेहमीचा ७ तसाच राहिला तर रंग भडक होऊन चित्र करपल्यासारखे दिसते.

३. मसुदे ५१२ × ५१२ मध्येच काढावेत आणि पसंत पडलेले तेवढेच चित्र इमेज-टू-इमेज पद्धतीने (तयार चित्रावरूनच नवे चित्र काढून), डिनॉइझिंग (मूळ चित्र किती बदलू द्यायचे, ते प्रमाण) ०.३ च्या आसपास ठेवून, मोठे करावे. तोच सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) देऊन थेट मोठ्या आकाराचे चित्र मागवल्यास रचनाच बदलते.

जीटीएक्स १६ मालिकेतील काही कार्डांवर १६ बिटमध्ये नुसते काळे चित्र येते. तसे झाल्यास ३२ बिटवर परतावे, मग स्मृती जवळजवळ दुप्पट लागली तरी इलाज नाही.