लघुमूर्तींसाठी एअरब्रशचा कॉम्प्रेसर निवडताना

२८ मिलिमीटरच्या लघुमूर्ती एअरब्रशने, म्हणजे दाबलेल्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, रंगवताना बॅटरीवरच्या टाकीविरहित कॉम्प्रेसरची हवा धक्के देत येई आणि पावसाळ्यात मध्येच पाण्याचा थेंब उडून चेहऱ्यावरचा ओला रंग फुटे. शेवटी ३ लिटरची टाकी, दाबनियंत्रक आणि पाणी अडवणारा फिल्टर असलेला, उचलून नेण्याजोगा तेलविरहित पिस्टन कॉम्प्रेसर घेतला. टाकीत हवा साठल्याने दाब स्थिर राहतो, शिवाय दाबलेली गरम हवा तिथे निवताना तिच्यातील बरेचसे बाष्प पाणी होऊन तळाशी साचते. ते काम संपल्यावर खालचा व्हॉल्व्ह उघडून काढावे लागते. ०.३ मिलिमीटरच्या नोझलमधून पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक रंग मारण्यास १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) पुरतात, मात्र हा आकडा ट्रिगर दाबून हवा वाहत असतानाच वाचावा. आवाज थोडा होतो, पण शेजाऱ्यांची तक्रार अद्याप आलेली नाही.