एडीएचडी असलेल्या मुलाला गृहपाठाला कसं बसवावं

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं मुलाला अवघड जातं त्या स्थितीचं, निदान झालेलं आहे असं धरून चालते. झालं नसेल तर आधी डॉक्टरांकडे जा, सोबत कान, डोळे आणि झोपही तपासून घ्या. लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. डायरीतला शेरा म्हणजे निदान नव्हे.

इथले उपाय औषधाशिवायचे आहेत, पण औषधाशिवाय म्हणजे डॉक्टरांशिवाय नव्हे, हेही लक्षात असू द्या. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी डॉक्टर आधी पालकांचं प्रशिक्षणच सुचवतात. मोठ्या मुलाला औषध लागलं तर लागलं, त्यात हार कसली? आणि चालू असलेलं औषध हा लेख वाचून बंद करू नका.

शाळेतून आल्यावर आधी खाणं, मग भरपूर दमणं. आम्ही पुण्यातली पर्वती टेकडी चढतो, १०३ पायऱ्या, मूड असेल तर दोनदा. रविवारी तळजाईची टेकडी. मोबाइल दुसऱ्या खोलीत. रात्रीची झोप ९ तासांच्या खाली नको.

आता खरी अडचण, सुरुवात करण्याची. इथे मी जवळपास दीड वर्ष चुकत होते. समोर बसून "लक्ष दे, लक्ष दे" म्हणायचे. लेक नववं वर्ष ओलांडलेला, हुशार, तोंडी विचारलं तर पाढे घडाघडा म्हणणारा, आणि वही उघडायला पाऊण तास. मला तो हट्ट वाटायचा. हट्ट नसतो तो. या मुलांच्या मेंदूला लांबचं फळ खेचत नाही. परीक्षेतले मार्क, बाईंची शाबासकी हे सगळं त्यांच्यासाठी फार दूर असतं. शिवाय "चल, अभ्यासाला बस" ही एक सूचना नाहीच. दप्तर आण, वही शोध, पान काढ, पेन्सिलला टोक कर, तारीख लिही, अशी पाच कामं त्यात दडलेली असतात, आणि दुसऱ्याच कामाला मूल वाट चुकतं.

म्हणून स्वयंपाकघरातून हाका मारणं बंद करा. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नजर मिळू द्या आणि एवढंच म्हणा, "वही काढ." ती निघाली की पुढचं वाक्य. मधे भाषण नको.

मग एक जुनी लग्नपत्रिका घ्या, जाड कागदाची, आणि तिला एका गणिताएवढी खिडकी कापा. ती पानावर ठेवली की वीस गणितांतलं एकच दिसतं. ते सोडवलं की वाटीत एक चिंचोका टाकायचा आणि पत्रिका खाली सरकवायची. स्टीलचीच वाटी घ्या. चिंचोका पडल्याचा टण् आवाज हेच त्याचं ताबडतोब मिळणारं बक्षीस. (तोंडात वस्तू घालणारं लहान भावंड घरात असेल तर चिंचोके नकोत, फळ्यावर रेघा मारा.) दहा मिनिटांनी उठू द्या. उभं राहून लिहिलं, पाय हलवले, तरी चालतं.

चिंचोके त्याच संध्याकाळी वटवायचे. दहा झाले की बाबांबरोबर कॅरमचा एक डाव, असं काहीतरी. "महिनाभर नीट वागलास तर सायकल" याचा काडीचा उपयोग नाही. आमच्या आजींना ही लाच वाटायची. लाच चुकीच्या कामासाठी देतात. हा मेहनतीचा मोबदला आहे, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. मिळवलेले चिंचोके काढून घेऊ नका. एकदा उलट बोलला म्हणून मी अकरा चिंचोके वाटीतून परत डब्यात ओतले. तो ओरडला नाही, नुसता वाटीकडे बघत राहिला. पुढे चार दिवस त्याने वहीला हात लावला नाही, आणि चूक पूर्णपणे माझी होती.

शाळेत वर्गशिक्षकांना दोनच गोष्टी मागा: पुढचा बाक, खिडकीपासून लांब, आणि गृहपाठ फळ्यावरून उतरवून घेतलाय का हे सुटण्याआधी एकदा बघणं. लांबलचक यादी दिली तर त्यातलं काहीच होत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी चिंचोक्यांची मजा ओसरेल. पद्धत फसली असं समजून सोडून देऊ नका, वस्तू बदला. आमच्या वाटीत सध्या गोट्या आहेत.